गोष्ट तुटते ती जागा

वळ गावात गोष्टी सांगणारे ढीगभर आहेत. ऐकणारा मात्र एकच, लडकूकाका. पाहुणा बोलत असो की कोणी कहाणी सांगत असो, समोरचा वाक्य संपवून थांबला की काकांचा 'हूं' आलाच पाहिजे. त्या हूंशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, अशी तिथली जुनी रीत. त्यामुळे शुक्रवारच्या प्रेझेंटेशनची तालीम कुणापुढे करायची असा प्रश्न पडल्यावर रुचिकाला या आपल्या चुलत्याचं घर आठवलं, यात नवल नाही. नवल एवढंच की हे तिला बुधवारी संध्याकाळी सुचलं. त्याआधीचे तीन दिवस ती आरशापुढे उभं राहून स्वतःलाच हातवारे करून दाखवत होती.

रुचिका डिप्लोमा झालेली पोरगी. गावालगतच्या मोठ्या गोदामात मशिनांची देखभाल बघायची. मोटर उघडून दे, डोळे मिटून जोडेल. पण चार माणसांपुढे उभं केलं की वाक्यं उलटसुलट. कंपनीने तिला 'टेक्निकल लोकांसाठी प्रेझेंटेशन' असा ऑनलाइन कोर्स करायला लावला होता. त्यातल्या टायवाल्या माणसाने सांगितलं होतं: पाय रोवून उभे राहा, हसा, स्लाइड स्वच्छ ठेवा. रुचिकाने ते वहीत उतरवून घेतलं होतं. नीट पार पडलं तर ती टीम लीडर होणार होती, आणि ते तिला मनापासून हवं होतं.

विषय होता पार्सल अडकण्याचा. गोदामात पट्ट्यावरून पार्सलं येतात आणि एक लोखंडी हात त्यांना आपापल्या गावच्या वाटेला ढकलतो. दिवाळीपासून तिथे रोज कोंडी व्हायची. रुचिकाने कारण शोधलं होतं, आणि सोमवारीच त्याचा रिपोर्ट हरेश सरांना पाठवला होता. सर म्हणजे गोदामाचे मॅनेजर. ते बेहद्द खूश झाले होते.

"बसा काका," तिने लॅपटॉप ओट्यावर ठेवला. "मी सांगते, तुम्ही फक्त ऐका."

"मी दुसरा काय करतंय?" काका म्हणाले. ते त्याच गोदामात ट्रक लागतात तिथली शटरं उघडायचे आणि पाडायचे. आत्ता कुठे ड्युटी संपवून चहाला टेकले होते.

"दिवाळीआधी दिवसाला दोन-तीन पार्सलं अडकायची."

"हूं."

"दिवाळीनंतर तीस-पस्तीस."

"हूं."

"तीही फक्त दुपारी तीन ते पाच."

"हूं."

"भातकापणी उरकली की वज्रेश्वरीकडच्या पाड्यांवरून चौदा बायका कामाला आल्या. त्याच दुपारी पट्ट्यावर पार्सलं ठेवतात."

"हूं."

"म्हणजे त्या बायका पार्सलं वाकडी ठेवतात. त्यांना बदलून दुसरी माणसं घ्यावीत."

काका गप्प.

रुचिकाला वाटलं, डुलकी लागली. बघते तर काका टक्क जागे. तिने वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी कोर्सवाल्यासारखं हसून. काका तिच्याकडे नुसते बघत राहिले.

"काका, हूं कुठे गेला?"

"गोष्ट तुटली गो थय," काका म्हणाले. "मंग हूं कसा देऊ?"

आता एखाद्याला राग आला असता. रुचिकाला मात्र खाज सुटली. मशीन बंद पडलं की तिला सुटायची तीच. नक्की कुठे तुटली? का? तिने मागे जाऊन एकेक वाक्य परत म्हटलं. हूं, हूं, हूं, आणि बायकांपाशी आल्यावर पुन्हा गप्प.

"मला सांगा तरी, चुकतंय काय?"

"ते माना म्हाईत न्हाय. सांगनारीन तू हाय." काकांनी कपातला चहा बशीत ओतला. "पन मागल्या हप्त्याच्या मंगलवारी सात नंबरचा शटर वर जाईना, बग. दिसभर बंदच व्हता. बाया त्याच, ती बायडी हाय ना, ती धरून चौदाच्या चौदा. त्या दिशी किती अडाकली?"

रुचिकाने आकडे उघडले. त्या मंगळवारी अडकली होती दोन.

तिची कानशिलं तापली. कारण आलेखात मंगळवारचा ठिपका नव्हताच. तो एकटाच खाली लोंबत होता, रेघ बिघडवत होता, म्हणून तिने स्वतःच्या हाताने काढून टाकला होता. स्लाइड स्वच्छ दिसावी म्हणून.

गुरुवारी तीन वाजता ती सात नंबरच्या शटरसमोर उभी होती. दार पश्चिमेकडे. दिवाळीनंतर ऊन दक्षिणेकडे कललेलं, खाली उतरलेलं. ते शटरमधून तिरकं आत येऊन थेट सेन्सरवर पडत होतं. या सेन्सरला सगळे डोळा म्हणतात. पार्सल समोर आलं की डोळा सांगतो आणि लोखंडी हात हलतो. उन्हाने डोळा दिपला की हात उशिरा हलणार आणि पार्सल कडेला थडकणार. तिने एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि डोळ्यावर सावली धरली. दहा मिनिटं, एकही अडकलं नाही. पुठ्ठा काढला. दहा मिनिटांत चार. पुन्हा धरला, पुन्हा शून्य. तिचे हात भरून आले तरी तिला थांबवेना, इतकी मजा वाटत होती.

दहा पावलांवर त्या चौदा जणींतली बायडी पार्सलं मांडत होती. तिने हसून विचारलं, "काय गो बाय, त्याला ऊन लागतंय का?"

"लागतंय ना!" रुचिकाही हसली. त्यापुढे काही बोलली नाही. उद्याचं डोक्यात होतं.

शुक्रवारी मीटिंगच्या खोलीत सहा जण होते, आणि पडद्यावर मुख्य ऑफिसातल्या दिपिका मॅडम. रुचिकाची पाचावर धारण बसली होती. पाय रोवायचे राहूनच गेले. पहिलंच वाक्य तिने सांगून टाकलं.

"सोमवारी मी पाठवलेला रिपोर्ट चुकीचा आहे."

हरेश सरांनी पेन खाली ठेवलं.

"किती चुकीचा?" मॅडमनी विचारलं.

"मुळापासून."

मग तिने झालं तसं सांगितलं. आधी मला काय दिसलं, मी कुठला ठिपका पुसला, तो परत टाकल्यावर काय दिसतं. सत्तावीस स्लाइडच्या तीन राहिल्या होत्या. सांगताना ती चेहरे बघत होती. दोन जणांच्या भुवया आखडल्या तशी ती थांबली, आणि पुठ्ठा हातात धरून दाखवला. भुवया सैल झाल्या. मॅडमनी तीन प्रश्न विचारले. दोन प्रश्नांची उत्तरं तिने दिली, तिसऱ्याला "माहीत नाही, बघून सांगते" म्हणाली. कुणी काही गिळून टाकलं नाही तिला. डोळ्यावर पत्र्याची झापड बसवायचं तिथल्या तिथे ठरलं.

"फार चांगलं समजावलंत," मॅडम म्हणाल्या. "मग त्या बायकांना बदलायचं कारण नाही."

हरेश सर खाकरले. "त्यांना काल संध्याकाळीच थांबवलं, मॅडम. सोमवारचा रिपोर्ट इतका स्पष्ट होता की आम्ही वाट बघितली नाही. पण हरकत नाही, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून निरोप पाठवतो."

रुचिकाने लॅपटॉप मिटला. चौदा घरं, आणि तिच्या स्लाइडवर ती एका ओळीत बसली होती. "निरोप नको सर," ती म्हणाली. "मी जाते."

शनिवारी सकाळी वज्रेश्वरीच्या एसटीतून उतरून ती पाड्यापर्यंत चालत गेली. बायडी अंगणात वाल निवडत होती. तिला बघून उठली नाही. रुचिकाने उभ्यानेच सांगितलं: चूक उन्हाची होती, तुमची नव्हती, सोमवारपासून परत या.

बायडीने सूप बाजूला ठेवलं. "आमी वाकडं ठेवताव, असं बोललं कोन?"

वाटेत रुचिकाने बरीच वाक्यं जुळवली होती. आकडे होते, आलेख होता, दिवाळी आणि कापणी एकदम आल्याचा योगायोग होता.

"मी," ती म्हणाली.

"धा पावलांवर तं व्हताव आमी," बायडी म्हणाली. "एकदा इचारायचं व्हतंस."

रुचिकाला रडू फुटलं आणि ते तिने लपवलंही नाही. डोळे पुसून ती तिथेच मातीत बसली. "आता विचारते," ती म्हणाली. "त्या लाइनवर तुम्हाला अजून काय काय दिसतं?"

बायडीने लेकीला हाक मारून पाणी आणवलं. रुचिका ते प्यायली.

"तीन नंबरचा पट्टा सकाली सकाली किंचालतो आन् जेवनानंतर गप व्हतो," मग बायडीने विचारलं. "त्यो का?"

रुचिकाला माहीत नव्हतं. तसं तिने सांगितलं आणि सरकून जवळ बसली.