सापडला की लपला?

माझं गॅरेज आहे, त्यामुळे आजारी इंजिनं रोजचीच. गिऱ्हाईक सांगतं, गाडी खडखडते. माझ्यासमोर आणली की मेली गप्प! पण त्या दुपारी तसलंच हॉस्पिटलात बघायला मिळालं.

बायकोच्या उशाशी मशीन होतं. त्यावर ठोके बेचाळीस, आणि आणखी खाली चाललेले. धावत सिस्टरच्या टेबलाशी गेलो. तिथल्या मोठ्या स्क्रीनवर तिच्याच नावापुढे अठ्ठ्याऐंशी!

"काका, सगळं ठीक आहे की."

"ठीक काय डोंबलाचं! तिकडे बाई विझत चाललीय!"

धावपळ झाली, सुया टोचल्या, ठोके वर आले. अठ्ठ्याऐंशी होते शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंचे.

भाचा मामीला भेटायला आलेला. स्क्रीनचा प्रोग्राम सॉफ्टवेअरच्या ज्या इंजिनाच्या जिवावर चालतो, ते त्याच्याच कंपनीचं. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्याला घेऊन बसला. आत काय घडतं त्याची नोंद चालू केली. सगळे आकडे बरोबर! नोंद बंद केली, तर परत मामीपुढे आजीबाई. चालू केली, बरोबर.

"बघितलं की दोष लपतोय," भाचा पुटपुटला.

"म्हणजे रे?"

"नोंद करताना इंजिन जरा हळू होतं, मामा. एरवी दोन धागे, म्हणजे आतली दोन कामं, एकदमच धावतात. एक मामीचा आकडा डब्यात ठेवतो. स्क्रीननं तो उचलायच्या आत दुसरा त्यावर आजींचा टाकतो."

"मग डब्याला कुलूप नको का?"

"होतं. मीच काढलं. वेग वाढेल म्हणून. वाटलं, काय गरज आहे."

मी नोंद चालूच ठेवायला लावली आणि बायकोचं मनगट धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुलूप परत घातलं, नोंद बंद केली. संध्याकाळपर्यंत एक आकडा चुकला नाही.

"झालं, मामा. आता घरी जाऊन पडा जरा."

"सापडला की लपला?"

त्यानं मग स्टूल ओढलं आणि मामीचं दुसरं मनगट धरून बसला.

"अहो, दोघं मिळून काय धरलंय मला?" ती म्हणाली. "पळून चाललेय का मी?"

"बोलू नकोस गं," मी म्हणालो, "मोजणी चुकते."