आत्तींचं माप

“हात सैल सोड,” आत्ती म्हणाल्या. समोरच्या बाईचा अंगठा त्यांनी तळव्यात दुमडला आणि तिला कळायच्या आत हिरवी बांगडी मनगटावर नेऊन ठेवली.

नागपंचमी तोंडावर आली की शिराळ्यात आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बायका सतरंजीवर दाटीवाटीने बसतात, एकमेकींच्या डोक्यावरून रंग मागतात आणि मधोमध बसलेल्या माझ्या सासूबाई, गुणमाला कासार, एकेक हात भरत जातात. इकडच्या रीतीने मी त्यांना आत्ती म्हणते. त्या कुणाला माप विचारत नाहीत. हात दाबून पाहिला की त्यांना कळतं, आणि कळलेलं माप त्या कधी मोठ्याने बोलत नाहीत. एखादी म्हणाली, “मला दोन-सहा द्या,” आणि तिला लागणार असतील त्याहून मोठ्या, अडीचच्या, तर आत्ती मान डोलावतात, पाठीमागे हात घालून अडीचच्या काढतात, भरतात आणि वर विचारतात, “बघ, बसल्या का न्हाई?” बाई खूश होऊन घरी जाते. लग्न होऊन मी साताऱ्याहून आले, तेव्हा दुकानात पहिल्यांदा शिकले ती ही थाप.

स्वतःला मात्र त्यांना ती मारता आली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं पिशवीचं ऑपरेशन झालं, पाठोपाठ थायरॉइड निघाला आणि अंग भरत गेलं. ऑपरेशनच्या वेळी हातातल्या बांगड्या उतरवल्या होत्या. बरं वाटल्यावर एका दुपारी दार लावून त्यांनी आपल्या नेहमीच्या अडीचच्या चढवायला घेतल्या. मी बाहेर काचेचा आवाज ऐकत उभी होते. जिच्या हातून अख्ख्या तालुक्यात कुणाला काच लागली नाही, ती बाई स्वतःचं मनगट रक्ताळून बाहेर आली. तेव्हापासून त्यांच्या हातात एक पेच उघडून घालायचं पितळी कडं, बस्स. पूर्वी रंग दाखवायला त्या स्वतःचाच हात पुढे करायच्या. आता बांगडी काचेच्या बरणीला अडकवून दाखवू लागल्या. चातुर्मासात दिवसातून एकदाच जेवून एकाशनं केली. पुण्य साठलं असेल, वजन काही हललं नाही. सासरे, भूपालमामा, एकदा म्हणाले, “आगं, बरी दिसतीस की.” त्या दिवशी त्यांना आमटी अळणी मिळाली.

यंदा तर त्यांनी जाहीरच केलं, “पंचमी झाली की म्होरं तू बस, मयूरी. मी आत माल लावत जाईन. बांगड्या इकायला बसायचं आन् आपला हात मोकळा, शोभत न्हाई.”

मला वाईट वाटलं आणि रागही आला. बायका बांगड्यांसाठी येत असतीलही, पण बसायच्या त्या आत्तींसमोर. त्या आत जाऊन बसल्या, तर या गर्दीचं मी काय करणार होते?

त्या दुपारी बनुबाई आली. वयाने मोठी आणि जिभेने त्याहून. बसता बसता म्हणाली, “लय सुटलीस गं गुणमाला. आन् हात असं मोकळं? भूपाल बरा हाय न्हवं?”

दोघीचौघी हसल्या. कोपऱ्यात तान्हं बाळ घेऊन बसलेली एक तरुण बाई मात्र हसली नाही. बऱ्याच वेळापासून ती हात पदराखाली घेऊन बसली होती आणि मागून आलेल्यांना पुढे जाऊ देत होती. आत्तींनीही पदर मनगटावर ओढला.

मला राहवलं नाही. “आत्ती, हात द्या.”

“आत्ता? गिऱ्हाइकं खोळंबल्यात.”

“पंचमीनंतर मीच बसायचंय ना? मग तुमच्यावरच शिकते.”

अडकल्या. त्यांनी कडं काढून हात दिला आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, “अडीचच्या काढ.”

मी मान डोलावली, पाठीमागे हात घातला आणि पावणेतीनच्या हिरव्या काढल्या. इतक्या दिवसांत त्यांचा हात मी पहिल्यांदाच हातात घेतला होता. ऊबदार, मऊ आणि आक्रसून धरलेला. साबणाचं पाणी लावलं. “हात सैल सोडा,” मी म्हणाले. थोडा वेळ गेला, मग सोडला. बांगड्या एकेक करून वर गेल्या, एकही पिचली नाही.

“बघा, बसल्या की नाही?”

आत्तींनी मनगट फिरवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीची दशी ओढत बसले. त्यांचीच थाप त्यांना कळणार नव्हती थोडीच.

“अडीच न्हाईत ह्या,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. “पावणेतीनच्या हायती.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आमच्या दुकानात कुणाचं खरं माप असं कधी कुणी उच्चारलं नव्हतं.

“आता माझं माप पावणेतीन हाय. आजारातनं उठून गेल्या पंचमीला ह्याच हातानं निम्मं शिराळं भरलं. त्याला काय लपवायचं?” त्यांनी हात पुन्हा माझ्यापुढे धरला. “घाल अजून. मोठा हात हाय, भरल्यागत दिसू दे.”

“मग दुसरा बी भर की गं पोरी,” बनुबाई म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला होता.

दुसरा हात भरून होतोय तोवर कोपऱ्यातली बाई बाळाला घेऊन पुढे सरकली. “मावशी, मला बी पावणेतीनच्याच बघा. बाळंतपणात लय अंग वाढलं माझं.”

आत्तींनी तिचा हात घेतला, दाबला. “तुला अडीच लागत्यात. उगं माझी बरोबरी करू नगंस.”

सगळ्या हसल्या, तीही हसली. मग जांभळ्या बांगड्यांकडे बोट करून म्हणाली, “ह्यो रंग हातात कसा दिसंल?”

आत्तींचा हात सवयीने बरणीकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी पावणेतीनची एक जांभळी बांगडी काढली, हिरव्यांच्या पुढे स्वतःच चढवली आणि हात दाराकडच्या उजेडात धरला.

“असा,” त्या म्हणाल्या.

मी बरणी उचलली आणि आत निघाले. माल लावायला आत कुणीतरी हवंच होतं.