जनकाबाईंचा आवाज

एकहार्ट लिंडे जर्मनीत तीस वर्षं एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होते. माणसं येईनाशी झाली, चर्चला कुलूप लागलं आणि ते संगीताच्या संशोधनाकडे वळले. अमडापूरच्या जनकाबाई जात्यावर भीमगाणी म्हणायच्या. ती एकहार्टनी रेकॉर्ड केली, त्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याच ग्रंथाने त्यांचं नाव झालं.

यंदा तो ग्रंथ द्यायला ते आले, तर जनकाबाईंनी त्यांना ओळखलंच नाही.

"दोन वर्षं झाली, तिले काहीच आठवत नाही," लेक मंजुश्री म्हणाली.

एकहार्टनी मोबाइलवर जनकाबाईंचंच गाणं लावलं. त्या मन लावून ऐकत राहिल्या.

"कोन हाये वं हे बाई? गोड गाते. तिले घरी बोलाव ना."

"माय, थे तूच हायेस!"

"काऊन थट्टा करून राह्यली? मले कुठं गाता येते!"

एकहार्टना तेवढं मराठी कळत होतं. त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. दुसऱ्या कडव्याला जनकाबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

"बंद कर वं ते," त्या म्हणाल्या. "झोप येऊन राह्यली."

एकहार्टनी मोबाइल बंद केला.