खालची भिंत

डागवालीने तळहात तेलात बुडवला, काजळीवर दाबला आणि भिंतीवर टेकवला. मग एक पाऊल सरकून पुन्हा. खाटेपासून न्हाणीच्या दारापर्यंत, खांद्याच्या जरा खाली, हातांची ओळ उमटत गेली.

भिंत प्लायवूडची होती. चित्रपटात ती एका ओसाड ग्रहावरच्या वस्तीतली खोली होणार होती. तिथे मागे राहिलेली शेवटची म्हातारी राहते. कोऱ्या सेटला वापरलेपण आणणं हे हिचं काम, म्हणून सगळे तिला डागवालीच म्हणत.

चार दिवसांपूर्वी दिग्दर्शकाने ही खोली नापास केली होती.

"दिवे, पडदे, बटणं, सगळं झकास आहे. पण शोरूम वाटतंय. इथे कुणी चाळीस वर्षं काढलीत असं वाटत नाही. एकदा खोटं वाटलं की प्रेक्षक ग्रहावरून थेट आपल्या खुर्चीत येऊन पडतो."

तेव्हापासून ती आठवून आठवून काम करत होती. बटणाभोवतीचं काळं वर्तुळ. खाटेच्या कडेचा उडालेला रंग. थरथरत्या बोटांत धरता यावा म्हणून दांडीला चिंधी गुंडाळलेला चमचा. सगळं आईच्या खोलीतलं. आईला जाऊन आठ महिने झाले होते.

सकाळी दिग्दर्शक आला आणि दारातच थबकला. मग कुणाच्या घरात शिरावं तशा त्याने चपला काढल्या. आपण काय केलं हे लक्षात आल्यावर तो ओशाळून हसला.

"जमलंय," एवढंच म्हणाला.

तिने धाकट्या बहिणीला फोन केला. आईचं सगळं धाकटीनेच केलं होतं, कापडाच्या दुकानातली नोकरी सांभाळून, सहा वर्षं. हिचं काम गावोगावचं. वर्षातून दोन-तीन खेपा, एरवी फोन. आई गेल्यापासून दोघींचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत धाकटी आली. खोलीभर नजर फिरवून ती खाटेवर टेकली आणि चमचा हातात घेऊन बसून राहिली.

"चिंधीची गाठसुद्धा तशीच बांधलीस, ताई."

मग उठून ती भिंतीपाशी गेली. एकेका डागावर आपला हात ठेवत दारापर्यंत पोचली. तिथे खाली उकिडवी बसली आणि वाकून भिंतीचा तळ पाहू लागली.

"खालचे कुठायत?"

"खालचे कसले?"

"हातांचे. शेवटचे चार महिने उभं कुठे राहता येत होतं तिला? मी दिवसभर दुकानात. बसून, भिंतीला हात टेकत, सरकत सरकत न्हाणीपर्यंत जायची ती."

डागवालीने हातातला बोळा खाली ठेवला.

"मला तर फोनवर म्हणायची, ठणठणीत आहे, घरभर फिरते."

"तुला तेच सांगायची. मलाही शपथ घातली होती."

"पण मी आले होते ना मध्ये. दोन दिवस राहिले. तेव्हा भिंत तर..."

"तू यायच्या आदल्या दिवशी पुसायला लावली होती. खालची तेवढी." धाकटीचा आवाज अगदी साधा होता. "वरचे डाग असू दे म्हणाली. तेवढे दिसले की ताईला वाटेल, चालतेय अजून. आणि तू होतीस ते दोन दिवस खाटेवरून उतरलीच नाही."

बाहेर कुणीतरी दिव्यांची वायर ओढत होतं.

"मला वाटलं, मी आलेय म्हणून आराम करतेय," डागवाली म्हणाली.

धाकटीने तेलाची वाटी तिच्याकडे सरकवली. "करायचे का खालचे? मी दाखवते कुठे कुठे होते ते."

डागवालीने वाटी हातात घेतली. असे डाग कॅमेऱ्यात आले असते तर दिग्दर्शकाने तिला डोक्यावर घेतलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"तिने पुसायला लावले होते ना?"

"हो."

"मग राहू दे."

सहायकाने दारातून डोकं आत घातलं. "मॅडम, काही राहिलंय का? सर विचारतायत."

"नाही," ती म्हणाली. "झालंय."

थोड्या वेळाने दिवे लागले. म्हातारीचं काम करणारी नटी खाटेवरून उठली आणि भिंतीला धरत दाराकडे चालू लागली. सगळे श्वास रोखून तिच्या हाताकडे पाहत होते. दोघी बहिणी खालची कोरी भिंत पाहत उभ्या होत्या.