दोन वेळा फोन

“फॉर्मवर हाच नंबर दिलाय. तुमचा मुलगा आहे का घरी? समुपदेशन विभागातून बोलतेय. त्यांचा नंबर लागलाय, गुरुवारी दहाला यायचंय.”

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाली, “तो वारला. अडीच महिने झाले.” आवाजात रडं नव्हतं, रागही नव्हता. “दुसऱ्या कुणाला तरी द्या आता.”

“बरं,” यादीबाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. अकरा वर्षं या खुर्चीवर काढूनही अशा वेळी तिला दुसरा शब्द सापडला नव्हता. नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात तीनच गोष्टी लिहायची सोय होती: आले, आले नाहीत, गरज नाही. माणूस गेलेला असेल तर ‘गरज नाही’ लिहायचं, हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. तिने तेच लिहिलं.  

यादीबाई हे काही तिचं नाव नव्हे. सरकारी दवाखान्यात मनाच्या त्रासावर बोलून घ्यायचं असेल, तर आधी तिच्या यादीत नाव लागतं, म्हणून शिपायांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला तेच म्हणत. विभाग म्हणजे पूर्वीची बँडेज ठेवायची खोली. मागची भिंत संडासाची. तिला ओल आलेली, आणि त्या ओलीला संडासाचाच वास. मध्ये पडदा, पडद्याआड दोन खुर्च्या आणि वजनाचा काटा, कारण काट्याला दुसरीकडे जागा नाही. कुणी आपल्या मेलेल्या बाळाबद्दल बोलत असलं तरी मध्येच नर्स शिरायची आणि कुणाचं तरी वजन करून जायची. दारावर ‘मन मोकळं करा’ असं पोस्टर होतं. त्यावरच्या हसऱ्या बाईचे दात कुणीतरी पेनाने काळे केले होते. ते पुसायचं कुणाच्या मनात आलं नाही, यादीबाईच्याही नाही.

दुपारी तिचा हाताखालचा कारकून नाव कमी झालेल्यांचे फॉर्म घेऊन आला. हा मुलगा दिवसभर नखं खायचा आणि त्याच ओल्या बोटांनी कागद उलटायचा, म्हणून ती मनातल्या मनात त्याला नखखाऊ म्हणायची.

“एकतीस आहेत, मॅडम. सह्या केल्या की गठ्ठा खाली जाईल.”

“सगळ्यांना दोनदा फोन केलेस?”

“दोनदा म्हणजे दोनदा. एक सकाळी, एक दुपारी.”

दोन फोनचा नियम तिचाच. तीन वर्षांपूर्वी यादी फार लांबली, वरून विचारणा झाली, तेव्हा साहेबांना तिनेच सुचवलं होतं की एका दिवसात दोन वेळा फोन करावा, नाही उचलला तर नाव कमी. सहा महिन्यांत यादी निम्मी झाली. तिला कौतुकाचं पत्र मिळालं. ते अजून टेबलाच्या काचेखाली होतं.

ती न वाचता सह्या करत गेली. एकविसाव्या फॉर्मवर हात थांबला तो एका आकड्यापाशी. चारचा आकडा खाली गाठ मारून काढलेला. असा चार फक्त एक माणूस काढायचा, घरच्या कॅलेंडरवर गॅसची तारीख लिहिताना. तिने पत्ता पाहिला. पत्ता तिच्याच घराचा होता.

फॉर्म नऊ महिन्यांपूर्वीचा होता. तारीख तिला आठवली. त्या दिवशी दाढ काढायला म्हणून तिने रजा टाकली होती. नवरा नेमका त्याच दिवशी इथे येऊन रांगेत उभा राहिला होता. नखखाऊने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं आणि नोकरीत ती माहेरचं आडनाव लावायची, तेव्हा कुणाला कळायचं काही कारणच नव्हतं.

नवरा पाणीपुरवठ्यात होता. तीस वर्षं त्याने शहराला पाणी सोडलं, रस्त्यात वाकून लोखंडी चाव्या फिरवल्या. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि खिडकीकडे पाठ करून बसला तो बसलाच. अंघोळ चार-चार दिवस नाही. चहाच्या कपावर साय धरून माशी बसायची तरी कप तसाच. बनियनला आंबूस वास. यादीबाईला त्याची किळस यायची, हे खोटं कशाला बोला. तिने आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं होतं. रोज साडेबाराला ऑफिसातून घरी फोन करून ती एवढंच विचारायची, “मोटर बंद केली का?” पुढेपुढे त्याने तो फोन उचलणंच सोडलं. टाकीची मोटर मात्र बंद केलेली असायची.

तिने फॉर्म वाचायला घेतला. झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, सगळीकडे ‘जवळजवळ रोज’वर खूण. नवव्या प्रश्नात, जगू नये असं वाटतं का, तिथे ‘काही दिवस’. त्याखाली छापलेला प्रश्न होता: घरी मोकळेपणाने बोलता येईल असं कुणी आहे का? बहुतेक लोक तिथे हो किंवा नाही लिहितात. नवऱ्याने ठळक अक्षरात लिहिलं होतं, “आहे. पण ती दिवसभर लोकांचं हेच ऐकून येते. दमलेली असते.”

फोनच्या रकान्यात नखखाऊचं अक्षर होतं. मंगळवार, सकाळी अकरा, उचलला नाही. दुपारी तीन, उचलला नाही.

मंगळवारी संध्याकाळी नवरा म्हणाला होता, “आज तीनदा फोन केलास. बंद होती मोटर.” आणि ती म्हणाली होती, “एकदाच केला मी. काहीतरी बरळू नका.” कप उचलताना तिने नाक दाबलं होतं, तेसुद्धा तिला आता आठवलं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

ती फॉर्म घेऊन साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा ते पेनच्या टोपणाने कान कोरत होते.

“अहो, घरचं माणूस आणि रांगेत? आधी बोलायचं ना, बाई.” टोपण त्यांनी पेनला लावलं. “उद्या अकराला कोण आहे?”

“पिशव्या शिवायच्या कारखान्यातली एक बाई. तीही नऊ महिने थांबलीय. अजून कळवायचंय तिला.”

“मग झालं तर. आत्ता दोन फोन करा. कामावर असेल, कुठली उचलतेय. तिच्या जागी यांना घाला. नियमाबाहेर काहीच नाही.”

नियमाबाहेर खरंच काही नव्हतं. हा माणूस घाणेरडा आहे असं मनात म्हणायला ती गेली आणि अडखळली, कारण ही वाट त्याला तिनेच बांधून दिली होती. ती जागेवर आली. नंबर फिरवताना, या बाईने फोन उचलू नये असं क्षणभर तिला मनापासून वाटलं.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. मागे मशिनांचा खडखडाट होता.

“दवाखान्यातून ना? रोज खिशातच ठेवते मी. कपडे वाळत घालतानासुद्धा.”

“उद्या अकराला या,” यादीबाई म्हणाली. “पडद्याआड वजनाचा काटा आहे. नर्स आत आली तरी तुम्ही थांबू नका. बोलत राहा.”

मग तिने एकतीसचा गठ्ठा पुन्हा उघडला. नवव्या प्रश्नावर खूण असलेला फॉर्म त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा, असाही एक नियम होता, फक्त त्याने यादी कमी होत नसल्यामुळे तो कुणी पाळत नव्हतं. असे पाच फॉर्म निघाले. पाचवा नवऱ्याचा.

“हे आत्ता वर ने,” ती नखखाऊला म्हणाली. “डॉक्टरांची सही घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. उद्या सकाळी पाचही जणांना बघायला सांग.”

“पाचही बाद झालेत, मॅडम.”

“आपण केलेत. जा.”

साडेचार वाजले होते. तिने घरचा नंबर फिरवला. वाजून वाजून थांबला. पुन्हा फिरवला, पुन्हा थांबला. दोन झाले. तिने तिसऱ्यांदा फिरवला. चौथ्यांदा फिरवला. पाचव्यांदा फोन उचलला गेला.

“केलीय बंद,” नवरा म्हणाला.

“मोटरचं नाही विचारत. तुमचा फॉर्म वाचला मी.”

तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“मंगळवारचे फोन इथूनच आले होते. तुमचा नंबर लागला होता. तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही.”

“बरं,” तो म्हणाला.

तो शब्द ऐकणाऱ्याला कसा लागतो, हे तिला पहिल्यांदा कळलं.

“उद्या आपण दोघं डॉक्टरांकडे जायचं. ते पाच मिनिटं बघतील, गोळी देतील. बोलायचं असेल तर मात्र पुन्हा यादीच आहे. साहेब मध्ये घालतो म्हणत होते, एका बाईच्या जागी.”

“तसलं काही करू नकोस. सगळ्यांच्या मागे लिही मला.”

“नऊ महिने लागतील.”

“लागू देत. तू कशाला त्रास करून घेतेस? आधीच दमतेस दिवसभर लोकांचं ऐकून.”

यादीबाईने काचेखालच्या पत्राकडे पाहिलं.

“मी नाही हो ऐकत कुणाचं,” ती म्हणाली. “मी नुसत्या खुणा करते. अकरा वर्षांत एकाचंही ऐकलं नाही.”

त्याने फोन ठेवला नाही. तिने कोरा फॉर्म पुढे ओढला, नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग रोज चाळीस जणांना विचारते तो पहिला प्रश्न विचारला. “गेल्या पंधरा दिवसांत, कशात मन लागत नाही असं किती वेळा झालं?” पुढची चार उत्तरं वाचून दाखवायची असतात. ती तिने वाचली नाहीत.

भिंतीपलीकडे कुणीतरी साखळी ओढली.

“सकाळी नळाला पाणी येतं ना,” तो हळूहळू म्हणाला, “त्याचा आवाज होतो. पूर्वी पडल्या पडल्या मला कळायचं, कुठली चावी किती फिरवलीय. आता नुसता आवाज येतो.”

याला फॉर्मवर जागा नव्हती. यादीबाईने पेनला टोपण लावलं आणि खुर्ची फोनजवळ ओढली.

“मग?” ती म्हणाली.