वाघजाईकडे मागितलेला पाऊस

आश्विनातल्या उन्हाचं सगळ्या आकुर्डीला कौतुक होतं, एकट्या कुसुमला सोडून. सन सत्तावनची बाजरी चांगली आली होती. कापून खळ्यावर पडली होती, आणि लोकांना कोरडं आभाळ हवं होतं. कुसुमला पाऊस हवा होता, तोही शुक्रवारच्या आत. शुक्रवारी सकाळी पिंपरीच्या कारखान्यात तिच्या नवऱ्याची, सोपानरावांची, डॉक्टरी तपासणी होती. छाती साफ निघाली तर नोकरी कायम. नाहीतर बिऱ्हाड उचलून परत महाडला.

छाती साफ निघायची कशी? कोकणात चार महिने पावसात भिजून ज्या माणसाला साधी शिंक आली नाही, तो इथे भादवा सरता सरता शिंकायला लागला. आधी डोळे लाल, मग नाक चोंदलेलं, मग छातीत शिट्टी. शेजारीपाजारी क्षयाचं नाव घेऊ लागले. घ्यायचंच होतं तर जरा लांब जाऊन तरी घ्यायचं!

कुसुमने मात्र एक गोष्ट हेरली होती. भोसरीकडच्या माळावर गवत तुऱ्यावर आलं होतं. दुपारी तिकडून कोरडा वारा सुटला की दारातल्या तांब्यावर बारीक पिवळी भुकटी बसे आणि सोपानरावांचा श्वास अडके. एखादी सर येऊन गेली की भुकटी नाही आणि शिट्टीही नाही. म्हणजे पाऊस हवा, एवढं तिच्या मनाने घेतलं.

मंगळवारी ती वाघजाईच्या देवळात गेली आणि पावसासाठी नारळ बोलली. बाहेर पडताना घरमालकीण सोजराबाई प्रदक्षिणा घालताना दिसली.

"उघडीप ऱ्हाऊ दे म्हनून नारळ बोलले बाई," सोजराबाई म्हणाली. "तू काय मागितलंस?"

"सगळ्यांचं बरं कर म्हटलं," असं सांगून कुसुम झपाझप घरी आली. देवीची पंचाईत देवी बघून घेईल.

गुरुवारी दुपारी पूर्वेकडे आभाळ काळं झालं. कुसुमला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. महाडच्या माणसाला पावसाआधीचा वारा म्हणजे समुद्रावरून आलेला, ओला, छाती मोकळी करणारा.

"अहो, ओट्यावर बसा. पावसाचा वारा घ्या," म्हणत तिने दार-खिडक्या सताड उघडल्या. सोपानरावही वाऱ्याकडे तोंड करून बसले.

पण इथला परतीचा पाऊस समुद्राकडून येत नव्हता. वीज कडाडली आणि पावसाच्या पुढे, अख्खा माळ झोडपत, वारा आला. धूळ, कुसळं, तुऱ्यांची भुकटी, सगळं घेऊन आला. चार टपोरे थेंब पडले तोवर सोपानराव खांबाला धरून ओणवे झाले होते. ओठ निळे पडत होते.

"अहो! बोला ना!" कुसुम किंचाळली. आपणच यांना बाहेर बसवलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

खळं घरासमोरच होतं. सोजराबाई आणि तिचा नवरा कोंडाजी बाजरीच्या पेंढ्या झाकायला धावत होते. किंचाळी ऐकली आणि सोजराबाईने हातातली पेंढी टाकली.

"आत घे त्याला! आदी दारं लाव!" आत शिरता शिरता ती म्हणाली. "माजा सासरा बी असाच व्हायचा, गवात फुललं अन् वावटळ सुटली की. ओल्या फडक्यानं त्वांड पूस त्याचं. कोरा चहा टाक."

"पण पाऊस आला की बरं वाटतं यांना," कुसुम रडत म्हणाली.

"लागू दे की वाईच. वारा पडंल, समदं भिजून खाली बसंल, मंग."

पाऊस लागला. खळ्यावरून कोंडाजी हाका मारत होता. सोजराबाई सोपानरावांची पाठ चोळत बसून राहिली, उठली नाही. दिवेलागणीला कुठे श्वास सैल झाला.

सकाळी हवा धुऊन निघाली होती. सोपानराव तपासणीला गेले आणि कुसुम वाट बघत राहिली. आतबाहेर करून तिचे पाय दुखले. वाटेत पुन्हा लागली असेल धाप? डॉक्टरला कालचं कळलं तर? दुपारच्या आत सोपानराव परतले. डॉक्टरने पुढून-मागून नळी लावली होती आणि "साफ आहे" म्हणाला होता.

कुसुम धावतच खळ्यावर गेली. सोजराबाई भिजलेल्या पेंढ्या उलटत होती. निम्मी बाजरी काळी पडणार, हे कोकणातल्या बाईलाही दिसत होतं. सोजराबाईने तिच्याकडे बघितलं.

"पास झाला न्हवं?"

कुसुमने मान डोलावली.

"मंग नारळ फोडून ये. बोललेला ठिवू न्हाई."

"कसला नारळ?"

"पावसाचा. डोळं मिटून लई मोठ्यानं बोलतीस बाई तू."

कुसुमला रडू फुटलं. ती तिथेच खाली बसली आणि एक ओली पेंढी ओढून उलटायला लागली.

"ते ऱ्हाऊ दे," सोजराबाई म्हणाली. "दार लावून आलीस का? ऊन तापायलंय. वारा सुटंल आता."