चंद्राबाईचा पुण्याचा भाऊ

क्षयाचे रोगी आपला रोग का लपवतात, हे शोधायला उपेंद्र पुण्याहून बंगळूरला आला, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास हा त्याचा धंदा. साल एकोणीसशे बासष्ट. क्षय घरच्या घरी गोळ्यांनी बरा होऊ लागला होता, तरी लोक गोळ्या मध्येच सोडत. का, ते सांगत नसत. दार उघडायचं, हसायचं, "सगळे ठणठणीत" म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

खरं बोलणारं एकच घर त्याला सापडलं, चिकपेटच्या मागच्या गल्लीत. चंद्राबाई शिवणकामावर पोट भरणारी विधवा. पिढ्यान्पिढ्या बंगळूरची, पण घरात मराठी. तिच्या गोळ्या दर आठवड्याला तो स्वतः नेऊन द्यायचा. ते काही त्याचं काम नव्हे. पण तिथे घटकाभर आपल्या भाषेत बोलता यायचं, आणि थकल्या माणसाला तेवढं पुरतं. "हा कोण ग?" म्हणून शेजारच्या ठकुबाईने विचारलं, तेव्हा चंद्राबाईने बेधडक ठोकून दिलं, "माझा मावसभाऊ, पुण्याचा." उपेंद्रला गंमत वाटली. शिकलेल्यांना गंमत फार लवकर वाटते.

मग तिच्या मुलीचं, नयनाचं, लग्न जमत आलं. मुलगा यशवंतपूरच्या कारखान्यात होता. त्याचे वडील कृष्णाजी बोलणी करायला आले, तेव्हा मुलीकडून बसायला पुरुषमाणूस कोण? चंद्राबाईने उपेंद्रलाच मामा म्हणून बसवलं.

कृष्णाजींनी पान लावता लावता विचारलं, "मामा असताना मुलगी बाहेर का देताय? आमच्यात पहिला हक्क मामाचा."

उपेंद्र गडबडला. मामा-भाचीच्या लग्नाची इकडची चाल त्याला ठाऊक होती; ती आपल्यावर शेकेल असं मात्र वाटलं नव्हतं. "माझं लग्न झालंय," तो म्हणाला.

"सरी, बरं. मग आणखी एक विचारतो, राग नको. तुम्ही शिकलेले, खोटं बोलायचे नाहीत. घरात कुणाला खोकला, क्षय, तसलं काही?"

चंद्राबाई आतल्या दारात उभी होती. नयनाची छाती तपासून झाली होती, काही निघालं नव्हतं. चंद्राबाईही सुधारत होती. हे सगळं समजावून सांगता आलं असतं. पण दीड वर्ष तो दुसरं काय करत होता? आणि कुणाला पटलं होतं? त्याला एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

"छे हो," तो म्हणाला. "सगळे ठणठणीत."

साखर वाटून कृष्णाजी खुशीत गेले. उपेंद्रने खिशातून गोळ्यांची पुडी काढून चंद्राबाईपुढे ठेवली. तिने ती परत सरकवली.

"आता नको, अण्णा. त्यांची माणसं येणार-जाणार. गोळ्या दिसल्या तर तुम्ही खोटे पडाल."

"अहो अक्का, मध्येच सोडलं तर रोग उलटेल. जिवावर बेतेल."

"लग्न होऊ दे, मग बघू."

"लग्न कधी?"

"माघात."

"आत्ता तर श्रावण चाललाय!"

"तुम्हीच सांगितलं ना, घरात कुणी आजारी नाही म्हणून?" तिच्या आवाजात राग नव्हता. "मामा झालात, तर आता स्वल्प मामासारखं वागा. भाचीच्या आड येऊ नका."

उपेंद्रने पुडी उचलून खिशात टाकली. बाहेर ओट्यावर ठकुबाई टपूनच बसली होती.

"जमलं का हो?"

"जमलं," तो म्हणाला.